दोन खाली हायेत

सप्ताहाचे सात दिवस फोनला हात लावायचा नाही, हा माझा अकरा वर्षांचा नेम. भाताच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले आणि रोवणीला अजून अवकाश असला की आमच्या गावात देवळाच्या वर्धापनाचा सप्ताह बसतो. सिंदेवाहीच्या ऑफिसातून मी तेवढी रजा काढतो, फोन घरच्या फडताळात ठेवतो आणि टाळ घेऊन मांडवात उभा राहतो. यंदा या नेमापायी एक काम चुकता चुकता राहिलं. ते सावरलं तेही कीर्तनातच. म्हणून दोष कोणाला द्यावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ठरवावं असं वाटतही नाही.

मी ज्या संस्थेत कॉम्प्युटरचं काम पाहतो तिची मुलींची तीन वसतिगृहं आहेत. सगळ्यात लांबचं भामरागडला. तिथे कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांच्या शेजारी, एका लोखंडी घडवंचीवर आमचा सर्व्हर उभा आहे. उभ्या ठेवलेल्या ट्रंकेएवढं काळं यंत्र. पाचवीपासून दहावीपर्यंतचे सगळे धडे त्यात भरलेले. काही धडे माडिया बोलीतही आहेत, मुलींनीच बोलून भरलेले. पावसाळ्यात नदी पुलावर आली की रस्ता जातो, इंटरनेट जातं, अहेरीहून गणित-विज्ञान शिकवायला येणारे मास्तर येईनासे होतात. मग मुलींच्या टॅबवर धडे पोचवतं ते हे यंत्रच. चार महिने तेच मास्तर.

गेल्या वर्षापासून हे मास्तर दमायला लागले होते. पाच टॅब लागले तर ठीक चालायचं. सहावा लागला की सगळ्यांच्या पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहायचं. दहावीत मुली अकरा. संस्थेच्या सचिवांनी सरळ ठरवलं की शाळा उघडताना धान्य घेऊन जी क्रूझर भामरागडला जाईल, तोवर यंत्र सुधारलं नाही तर त्याच गाडीतून अकराही मुलींना चार महिन्यांसाठी गडचिरोलीच्या वसतिगृहात आणायचं. बैठकीत कोणी विरोध केला नाही. विरोध केला तो भामरागडच्या रेक्टर आशाबाईंनी, फोनवरून. दोन वर्षांपूर्वी अशाच पाच जणी हलवल्या होत्या. दिवाळीला घरी गेल्या त्यातल्या दोघी पुन्हा कोणत्याच शाळेत दिसल्या नाहीत. आशाबाईंनी त्या दोघींची नावं घेतली आणि एवढंच म्हणाल्या, "यावेळेस अकरा हायेत. मले अकराही परत पाहिजेत."

त्या अकरांत एक मंजुषा, वसतिगृहाच्या स्वयंपाकीण बुधरीबाईंची लेक. त्यांच्या घरात दहावीपर्यंत पोचलेलं पहिलं माणूस.

यंत्राला लागत होती मेमरी. नाव मेमरी असलं तरी ही काही आठवण साठवायची जागा नव्हे. मी आशाबाईंना स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलं होतं: तुमची कोठी मोठी आहे, तांदूळ भरपूर आहे, पण ओटा हातभर. अकरा जणींचं एकदम रांधायचं तर ओटा वाढवायला हवा. हा ओटा म्हणजे फणीएवढ्या लांब हिरव्या पट्ट्या असतात आणि त्या यंत्राच्या आत खाचांमध्ये बसतात. खाचांना आम्ही घरं म्हणतो.

पण नवी पट्टी घ्यायच्या आधी आत काय बसलेलं आहे ते नीट कळायला हवं. एकूण मेमरी आठ जीबी, एवढं माझ्या जुन्या वहीत होतं. आठ कशी झाली ते नव्हतं. या यंत्राच्या दोन पिढ्या बाजारात आल्या, बाहेरून जुळ्या भावांसारख्या. जुन्या पिढीत चारही घरं भरलेली यायची, दोन-दोनच्या चार पट्ट्या. नव्या पिढीत चार-चारच्या दोन पट्ट्या आणि दोन घरं मोकळी. दोन्ही पिढ्यांच्या पट्ट्या वेगळ्या, त्यांची मधली खाच वेगवेगळ्या जागी. एकीची दुसरीत जोर लावूनही बसत नाही. पिढी सांगणारा कागद यंत्राच्या पाठीवर होता तो झुरळांनी खाल्ला होता.

एरवी हे मी सिंदेवाहीच्या खुर्चीत बसून यंत्रालाच विचारलं असतं. एक ओळ लिहायची की ते आपल्या पोटात काय काय आहे ते सगळं सांगतं. पण त्या आठवड्यात वादळाने तिकडच्या टॉवरचं काहीतरी मोडलं होतं, इंटरनेट बंद होतं. आशाबाईंच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, वाकायची मनाई. म्हणून बुधरीबाई तयार झाल्या. यंत्र बंद करायचं, बाजूचं झाकण सरकवायचं, पाहायचं आणि पुन्हा लावायचं, एवढं काम. मग पुलापाशी चालत जायचं, कारण फोन लागला तर तिथेच लागायचा.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. वारा एवढा होता की मधूनमधून त्यांच्याऐवजी वाराच बोलत होता. झाकण उघडायच्या आधी यंत्र बंद केलं होतं ना, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या केलं, आशाबाई जवळ उभ्या होत्या. चार घरं दिसली का? दिसली.

"त्याच्यात पट्ट्या किती हायेत, बाई?"

"वरतं दोन हायेत." मग खरखर. मग पुन्हा त्यांचा आवाज, "दोन खाली हायेत."

मी वहीत लिहिलं: दोन भरलेली, दोन खाली. नवी पिढी. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना तीनदा शाबास म्हटलं. त्या पुढे म्हणाल्या, "भाऊ, मी काढून ठेवलं हाय," आणि फोन तुटला.

काय काढून ठेवलं? पट्टी काढून ठेवली की काय? मी आठ-दहा वेळा फोन लावला, लागला नाही. संध्याकाळी आशाबाईंचा निरोप कोणाकरवी आला की यंत्र पुन्हा सुरू झालं, पाच टॅब चालतात. म्हणजे आतलं काही काढलेलं नव्हतं. मग मी चंद्रपूरला बाबूभाईंना फोन करून नव्या पिढीच्या चार-चारच्या दोन पट्ट्या सांगितल्या, फोन फडताळात ठेवला आणि मांडवात गेलो.

बाबूभाई आमचे जुने. त्यांच्या वडिलांचा लाउडस्पीकर आमच्या सप्ताहाला यायचा, तेव्हा भोंगा बैलगाडीतून यायचा म्हणतात. आता बाबूभाईंचं चंद्रपुरात जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे, पण सप्ताहाचा माईक त्यांनी सोडला नाही. काल्याच्या दिवशी ते स्वतः येतात, मांडवाच्या मागे टेबल टाकून बसतात आणि कीर्तन लॅपटॉपवर भरून घेतात. पट्ट्याही त्याच दिवशी आणून देतो म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रूझर निघायची होती. मी तिच्यासोबत जाणार होतो.

यंदा काल्याच्या कीर्तनाला गोंडपिपरीच्या मयुरीताई होत्या. वय पस्तीसच्या आसपास, आवाज असा की माईक गेला तरी शेवटच्या रांगेला कळू नये. मी कीर्तनं पुष्कळ ऐकली. काही बुवा विद्वान असतात, काही गायक असतात. मयुरीताई कथा सांगताना आपणच ती पहिल्यांदा ऐकत असल्यासारख्या सांगतात. पूर्वरंगात त्यांनी उगाच शब्दांचा पसारा केला नाही. उत्तररंगात गोपाळांच्या शिदोऱ्यांवर आल्या. सगळे गोपाळ शिदोऱ्या सोडून बसलेत आणि एक जण मागे, झाडाआड, गाठोडं मांडीखाली दाबून. त्याचं फडकं रिकामं आहे. घरात काही नव्हतं, आईने नुसतीच गाठ मारून दिली. देव म्हणतो, तुझी शिदोरी कुठे आहे? आणि इथे ताई थांबल्या. पेटीने सूर धरून ठेवला. बायांच्या बाजूला कोणीतरी नाक ओढलं.

अशा जागी टाळकऱ्याने जपायचं असतं. मी मात्र त्या आईच्या गाठीपाशी अडकलो होतो. तबल्यावर आमचे पत्रूभाऊ, सत्तरीचे, अख्खं आयुष्य भात पिकवलं आणि तबला वाजवला. त्यांनी ठेका बदलला, आणि माझे टाळ भलतीकडे खणाणले. पत्रूभाऊंनी मान न उचलता हळूच सुनावलं, "हेमराज, खालीवर ध्यान ठेव."

मी खाली पाहिलं. मग वर पाहिलं. खाली सतरंजी, वर मांडवाची ताडपत्री.

पत्रूभाऊ मिशीत हसले. "अबे, तालातली खाली. तिच्यावर."

तालात काही मात्रा भरीच्या असतात, तिथे डग्गा घुमतो. एका जागी डग्गा मुद्दाम गप्प राहतो, तिला खाली म्हणतात. तिथे टाळानेही अंग चोरायचं. हे मला लहानपणापासून ठाऊक. खालीवर, म्हणजे त्या खालीच्या मात्रेवर. मी ऐकलं होतं खाली-वर.

खाली आणि वर.

वरतं दोन हायेत. दोन खाली हायेत.

माझे टाळ हातातच राहिले. आमच्याकडे डबा खाली असतो, पोतं खाली असतं, बस खाली जाते. म्हणजे रिकामी. हे हिंदीतून आलं आणि आमचंच झालं. पण पाणी खाली सांडतं, मांजर खाटेखाली बसतं, तीही खालीच. बुधरीबाईंनी कोणती खाली सांगितली होती? या जातीच्या यंत्रात मधोमध पंखा असतो आणि घरं दोन्ही बाजूंना वाटलेली असतात. यंत्र उभं ठेवलं तर दोन घरं पंख्याच्या वर, दोन खाली. वर दोन पट्ट्या, खाली दोन पट्ट्या. चारही भरलेली. जुनी पिढी. त्या बाईने जे होतं ते अगदी जागेसकट सांगितलं होतं, आणि मी माझ्या सोयीचं अर्धं ऐकलं होतं.

काल्याच्या कीर्तनातून उठायचं म्हणजे जिवावर येतं. अजून गाठ सुटली नव्हती, देवाचा हात पुढे व्हायचा होता. मी टाळ शेजाऱ्याच्या हातात दिले, ताईंना लांबूनच हात जोडले आणि मांडवाच्या कडेने मागे गेलो. ताईंनी पाहिलं. कथा सोडली नाही, फक्त मान हलवली.

बाबूभाई कानाला हेडफोन लावून बसले होते. मला पाहून त्यांनी एक कान मोकळा केला आणि तब्येत बरी आहे ना विचारलं, कारण हेमराज काल्यातून उठला हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

"बाबूभाई, खाली म्हणजे काय?"

"खाली म्हणजे खाली."

"रिकामं, का बुडाशी?"

त्यांनी विचार केला. "ते बोलणाऱ्यावर हाय, भाऊ. ऐकणाऱ्यावर नाई."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या पिशवीत नव्या पिढीच्या दोन पट्ट्या, चंदेरी पाकिटात, अगदी तयार होत्या. त्यांनी पाकीट परत पिशवीत सारलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. रेकॉर्डिंग थांबवायचं नाही, दुसरी खिडकी उघडा, एवढी अट. भामरागडचं इंटरनेट बंद असेल असं मी म्हणत होतो, पण त्यांनी फोनवरून जोडणी दिली आणि मी सवयीने पत्ता टाकला. यंत्राने नाव विचारलं. म्हणजे जोडणी परत आली होती. नंतर कळलं की चार दिवसांपूर्वीच आली होती. माझ्या फडताळातल्या फोनवर आशाबाईंचा निरोप पडून होता.

मी नाव दिलं, परवलीचा शब्द दिला, आणि आतल्या पट्ट्यांची यादी मागणारी ती एक ओळ लिहिली. उत्तर यायला लागलं ते अगदी थेंब थेंब. जोडणी जिवंत होती, पण नुसती नाडी लागत होती तेवढीच.

पहिलं घर. आकार दोन हजार अठ्ठेचाळीस. म्हणजे दोन. मी जी चार समजून बसलो होतो ती पहिल्याच घरात खोटी ठरली. खाली पिढीचा आकडा आला, तीन. जुनी.

दुसरं घर. दोन, तीन.

"झालं की," बाबूभाई म्हणाले. "दोन-दोनच्या चार. आठाचा हिशेब बसला."

मी म्हटलं, थांबू. एकदा अर्धं ऐकून पुरलं आहे मला.

तिसरं घर आलं. चौथ्याचं नाव आलं आणि ओळ तिथेच अडकली. पुढे मयुरीताईंनी गाठ सोडायला घेतली होती. आवाज खाली आणला होता त्यांनी, अगदी कुजबुजीवर. देवाने ते रिकामं फडकं स्वतःच्या हाताने उलगडलं, सगळ्या गोपाळांच्या मधोमध पसरलं आणि म्हणाला, याच्यावरच सगळ्यांच्या शिदोऱ्या ओता, एवढं मोठं फडकं आज दुसऱ्या कोणी आणलेलंच नाही. मांडवात एकदम गजर उठला. तबला भरीवर आला, टाळ शंभर हातांनी वाजले, आणि माझ्यासमोर चौथ्या घरापुढे आकडा उमटला. दोन. पिढी तीन.

डोळ्यांत पाणी आलं ते कोणत्या गोष्टीचं, हे मला सांगता येणार नाही.

आता जुन्या पिढीच्या चार-चारच्या चार पट्ट्या हव्या होत्या. आधीच्या दोन-दोनच्या काढायच्या आणि या चार घालायच्या, मग आठाच्या सोळा होतील. जुनं कोण ठेवतं आता? बाबूभाई म्हणाले, मी ठेवतो. मोडीत आलेल्या सर्व्हरमधून काढलेलं एक डब्बं आहे, दुकानातल्या भोंग्यांच्या कपाटात. त्यांनी लेकीला, कहकशाँला, फोन लावला. ती दुकानातच होती. तिने डबा काढला आणि लगेच सांगायला लागली की पप्पा, वही है, चार के चार हैं. बाबूभाईंनी तिला थांबवलं.

"समजून नको सांगू, बेटा. वाचून सांग. पट्टीवर जे जे लिवलं हाय ते एकेक अक्षर."

तिने चारही पट्ट्यांवरचं एकेक अक्षर वाचलं. मी ते पडद्यावरच्या अक्षरांशी लावून पाहिलं. जात तीच, पिढी तीच, आकार दुप्पट. बाबूभाईंनी हेडफोन गळ्यात टाकला आणि म्हणाले की तुमची गाडी मूल गावावरूनच जाईल, उद्या सात वाजता मी मूलच्या नाक्यावर उभा राहतो.

काला वाटून झाला तेव्हा मी मागेच होतो. मयुरीताईंनी पळसाच्या द्रोणात माझा वाटा पाठवला आणि निरोप दिला की उठून गेलेल्याची शिदोरीही ओतली आहे. वरून एक पुडी, नुसत्या लाह्या आणि गूळ. तिकडच्या मुलींसाठी. कुठे जाणार ते त्यांना बाबूभाईंनी सांगितलं असावं.

दुसऱ्या दिवशी मूलच्या नाक्यावर बाबूभाई सातच्या आधीच उभे होते. चार पट्ट्या चंदेरी पाकिटात, पाकीट रुमालात, रुमाल जेवणाच्या रिकाम्या डब्यात. क्रूझर चालवायला लच्छू होता. तो बोलायला मोकळा, पण त्या दिवशी गप्प होता. जाताना धान्य आणि येताना अकरा पोरी, असं त्याला सचिवांनी सांगून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या त्या पाच जणींनाही त्यानेच आणलं होतं. आलापल्लीपर्यंत त्या रडल्या आणि पुढे झोपल्या, एवढंच तो कधीतरी बोलला होता. मी त्याला म्हटलं, येताना आपण दोघंच येऊ. तो म्हणाला, पाहू.

आलापल्लीपुढे सागवानाच्या रांगा धुतल्यासारख्या हिरव्या होत्या. दोन नाल्यांवर पाणी चाकाच्या कण्याला लागलं. पण भामरागडला नदी पुलाच्या बरीच खाली होती. हीही खालीच, असं माझ्या मनात आलं.

वसतिगृहाच्या पडवीत अकरा पत्र्याच्या पेट्या रांगेने ठेवलेल्या, दोरीने बांधलेल्या. पेट्यांवर नावं. आशाबाई काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी चहा विचारला, रस्ता विचारला, आणि यंत्राचं काहीच विचारलं नाही. मंजुषा तिच्या पेटीवर बसून दोरीच्या गाठीशी खेळत होती.

मी आधी स्वयंपाकघरात गेलो. बुधरीबाई चुलीपाशी होत्या, आंबाडीची भाजी निवडत. मला माफी मागायची होती, पण माझी नजर त्यांच्या मागच्या भिंतीवर गेली. कोळशाने काढलेल्या दोन आडव्या रेघा. त्यांच्या खाली एक गोल, गोलात पंख्याची पाती. गोलाखाली आणखी दोन रेघा. चारही रेघा सारख्या लांबीच्या, आणि प्रत्येक रेघेच्या मधोमध नाही, जरा बाजूला, एक बारीक खूण. पट्टीची खाच. तीसुद्धा जुन्या पिढीच्या जागी.

"हे काय, बाई?"

"तुमच्या मशीनचं पोट," त्या म्हणाल्या. "फोनवर तं म्हणलं होतं, काढून ठेवलं हाय म्हून."

मी तिथेच पाटावर बसलो. सगळं खरं म्हणजे या भिंतीवर आठ दिवसांपासून लिहिलेलं होतं. मी त्यांना सांगितलं की तुमचं खाली मी रिकामं ऐकलं. त्यांना आधी कळेना. कळलं तेव्हा पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की आशाबाई काठी टेकत दारात आल्या. बुधरीबाईंनी त्यांना माडियात काहीतरी सांगितलं, त्यात माझं नाव आणि खाली हा शब्द दोनदा आला, आणि मग त्याही हसल्या.

"रिकामं असतं तं मी रिकामं म्हणलं असतं ना, भाऊ," बुधरीबाई म्हणाल्या. "खाली म्हणजे खाली. तुमी शहरात बसून हिंदी ऐकून राह्यले."

सिंदेवाहीला कोणी शहर म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

कोठीत मी यंत्र बंद केलं आणि झाकण काढलं. वर दोन, मध्ये पंखा, खाली दोन. भिंतीवरच्यासारखंच. जुन्या पट्ट्या काढून मी रुमालावर ठेवल्या आणि नव्या बसवायला घेतल्या. पहिली टक् करून बसली. तो आवाज ज्याने ऐकला आहे त्यालाच त्याचं सुख ठाऊक. वरच्या दोन मी बसवल्या. खालच्या दोन बुधरीबाईंनी बसवल्या, मीच म्हटलं म्हणून. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी, भाकरीची कड दाबावी तशा.

यंत्र सुरू झालं. मी पुन्हा तीच ओळ लिहिली, पुन्हा चारही घरांची यादी शेवटपर्यंत वाचली, आणि मोठ्याने सांगितलं, सोळा. मग मंजुषाला म्हटलं की सगळ्या जणींना टॅब घेऊन बोलाव.

अकरा मुली वर्गात भिंतीला टेकून बसल्या. पाच जणींनी धडा लावला, चालला. सहावी मंजुषाच होती. तिने बोट ठेवलं आणि उचललंच नाही, जणू उचललं तर चक्र फिरेल. प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा होता. आरसा आला, किरण आला, धड्यातल्या बाईंचा आवाज आला. मग सातवी, मग आठवी. अकराव्या टॅबवर तोच धडा माडियात लागला, आणि त्यात बोलणारी मुलगी तो टॅब हातात धरलेलीच होती, म्हणून सगळ्या एकदम खिदळल्या. आशाबाईंनी चष्मा काढला, तो काढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं तरी, आणि अकरा पडदे एकेक करून पाहिले. सगळे पाहून झाल्यावर म्हणाल्या, "पेट्या आत घ्या."

दोऱ्या सोडायला लच्छूच पुढे झाला.

संध्याकाळी दिवेलागणीला प्रार्थना झाली. मी लाह्या-गुळाची पुडी सोडली, मुलींच्या ओंजळीत दोन-दोन चिमटी आल्या. आशाबाई म्हणाल्या, कीर्तन ऐकून आलाच आहात तर कथाही सांगा. मी कीर्तनकार नाही, साधा टाळकरी. पण त्या गोपाळाच्या फडक्याची गोष्ट मला येईल तशी सांगितली. बुधरीबाईंनी एका मुलीला पुढे बसवून वाक्यावाक्याला तिचं माडिया करायला लावलं. रिकामं फडकं म्हणताना मी मुद्दाम रिकामं म्हटलं.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा बुधरीबाईंनी वास्त्यांची एक जुडी मागच्या सीटवर ठेवली. बांबूचे हे कोवळे कोंब आमच्याकडे मिळतात, पण तिकडचे वेगळे. मागे अकरा जणींची जागा आणि तिच्यात ती एक जुडी. लच्छू पेरमिलीपर्यंत गात होता.

आलापल्लीजवळ फोनला जोडणी आली आणि लगेच सचिवांचा फोन आला, लच्छूच्या फोनवर. त्याने गाडी कडेला घेऊन स्पीकर लावला. पोरी बसल्या का सगळ्या, असं ते विचारत होते.

"नाई साहेब," लच्छू म्हणाला. "गाडी खाली हाय."

पलीकडे सचिवांचा आवाज चढला. कुठे खाली, कोणत्या नाल्यात, कोणाला लागलं तर नाही ना.

लच्छू माझ्याकडे पाहायला लागला. मी फोन हातात घेतला आणि एकेक अक्षर वाचल्यासारखं सांगितलं, "गाडी रस्त्यावर आहे, साहेब. रिकामी आहे. अकराही जणी भामरागडलाच आहेत."